चिकन सूप केलं, वडील म्हणाले "ही खळ आहे" (थंडीसाठी घरगुती सूप – मदत हवी)

गोदाकाठ | ७ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. नाशकात थंडीने जोर धरलाय. सकाळी गोदेवर धुकं, आणि घरात आमच्या नानांचा (वडील, वय ७६) खोकला. डॉक्टरांना दाखवून झालंय. छाती साफ आहे, औषध चालू आहे, "गरम-गरम पातळ काहीतरी देत राहा" म्हणालेत.

अडचण अशी की आई बहिणीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलीय, मुक्काम तीन महिने. बायको माहेरची शाकाहारी. तिची हरकत नाही, फक्त भांडं वेगळं आणि मार्गशीर्षातले गुरुवार सोडून. म्हणजे स्वयंपाकी मीच.

काल सूप केलं. पाव किलो बोनलेस, त्याचे तुकडे, दीड लिटर पाणी, पाकिटातली सूपची चौकोनी वडी, स्वीट कॉर्न, सोया सॉस. शेवटी तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. दिसायला हॉटेलसारखं झालं. नानांनी दोन चमचे घेतले, वाटी सरकवली आणि म्हणाले, "ही खळ आहे. संक्रांतीला पतंग चिकटवायला ठेव." नानांचं बालपण येवल्यातलं, त्यामुळे पतंग आणि खळ या दोन्हींतला त्यांचा अधिकार मोठा.

आईला फोन केला तर ती म्हणते, "अंदाजानं घालायचं." कसला अंदाज ते सांगत नाही. त्यात नानांना कवळी आहे, फार चावावं लागेल असं नको. बीपीची गोळी चालू आहे. हाडांसकट घ्यायचं की बोनलेस? किती वेळ शिजवायचं? दाटपणा कशाने आणायचा?

पंचगंगा | ७ डिसेंबर, रात्री ९:३२

भावा, नाना बरोबर बोलले. बोनलेसचं सूप म्हणजे ऊस काढून घेतलेल्या शेतात रस शोधायचा प्रकार. चव सगळी हाडात.

तू ज्याला सूप म्हणतोस त्याला आमच्या कोल्हापुरात अळणी म्हणतात. तांबडा-पांढरा नंतर, आधी अळणी. घरात मटण असो की कोंबडी, पहिली वाटी लहान पोरांना आणि आजारी माणसाला. आम्ही तर अळणी भातावरच मोठे झालो.

असं कर. कोंबडीला हळद, मीठ, आलं-लसणाची गोळी चोळून अर्धा तास ठेव. पातेल्यात चमचाभर तेल, एक कांदा बारीक चिरून, गुलाबी झाला की कोंबडी टाक. वर खोलगट ताट झाकण म्हणून ठेव आणि ताटात पाणी घाल. आत वाफेचं पाणी सुटतं, कोंबडी आपल्याच रसात शिजायला लागते. ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत ओतायचं. पुन्हा ताटात पाणी, पुन्हा आत. गार पाणी मध्येच ओतायचं नाही. तिखट नाही, गरम मसाला नाही. वाढताना मिरपूड आणि कोथिंबीर.

संत्रानगरी | ७ डिसेंबर, रात्री ९:४०

नागपूरकरांना या धाग्यावर प्रवेश आहे का? आमच्याकडे सर्दीवर सावजी रस्सा असतो. नाक, डोळे, कान, सगळं एकदमच मोकळं. (हलकेच घ्या)

शिकाऊ_सुगरण | ७ डिसेंबर, रात्री ९:५५

एक बाळबोध प्रश्न. अळणी म्हणजे बिनमिठाचं ना? मग मीठ कसं चोळायचं?

पंचगंगा | ७ डिसेंबर, रात्री १०:०२

कोशात बिनमिठाचं. कोल्हापुरात बिनतिखटाचं. आमच्या लेखी तिखट नसलं की त्यात काहीच नसतं :)

माजघर | ८ डिसेंबर, सकाळी ७:१५

गोदाकाठ, वरची पद्धत उत्तमच आहे, पण ती रस्सा करणाऱ्या घराची. म्हणजे कोंबडी खायची आहे आणि अळणी त्यातून निघतं. तुम्हाला फक्त सूप प्यायचं आहे, तेही कवळीवाल्या माणसाला. माझी सासू शेवटची चार वर्षं जवळजवळ सूपावरच होती, त्यामुळे हात बसलाय. सविस्तर लिहिते.

कोंबडीवाल्याला सांगा, "सूपसाठी द्या." तो पाठ, मान, पंखांची टोकं देईल. पंजे मागून घ्या, चार तरी. नाक मुरडू नका, खरं काम पंजे करतात. कढत पाण्यात मिनिटभर बुडवून वरची पिवळी कातडी ओढून काढायची, नखं कापायची. बरेच कोंबडीवाले हे करून देतात. सोबत एक अख्खी तंगडी, कारण निव्वळ हाडांच्या पाण्याला अंग असतं पण चव बेताची.

साधारण एक किलो ऐवजाला दोन लिटर पाणी. इथे माझी पद्धत पंचगंगांच्या उलट आहे. मी गार पाण्यातच घालते आणि मंद आचेवर हळूहळू तापू देते. करडा फेस वर येतो. पहिला पाऊण तास मी ओट्यापासून हलत नाही, पळीने फेस काढत राहते. फेस निघाल्याशिवाय आलं, मिरी काही घालायचं नाही, नाहीतर फेसाबरोबर तेही जातं.

फेस थांबला की दोन कांदे (सालीसकट अर्धे केलेले, सालीने सोनेरी रंग येतो), एक गाजर, आल्याचा ठेचलेला तुकडा, सहा-सात लसूणपाकळ्या, दहा-बारा मिरी, दोन लवंगा, बोटभर दालचिनी आणि कोथिंबिरीचे देठ. पानं नव्हे, देठ. थंडीतली लाल गाजरं टाळा. सूप गोड होतं.

मग आच अशी की पृष्ठभाग नुसता थरथरला पाहिजे, मधूनच एखादा बुडबुडा. खदखदून उकळी आली की बिघडलं. चरबी पाण्यात घुसळली जाते, सूप गढूळ आणि तेलकट होतं. तंगडी अर्ध्या-पाऊण तासाने काढून घ्यायची, मांस सोडवून बोटांनी बारीक तंतू करायचे, हाड परत आत. ब्रॉयलरच्या हाडांना दीड-दोन तास, गावरान असेल तर तीन.

गाळून घ्या. मीठ अगदी शेवटी, वाटीपुरतं. पाणी आटतं, मीठ आटत नाही. आणि त्या वडीत मिठाचा मारा असतो, बीपीवाल्याला नकोच.

शिकाऊ_सुगरण | ८ डिसेंबर, सकाळी ८:०३

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). फोटोशिवाय पाककृती मात्र फाउल!

ऑफिस_ते_घर | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

तीन तास?? माजघर ताई, आम्ही सातला घरी येतो, नऊला जेवतो. कुकरला पाच शिट्ट्या, संपला विषय. गॅस काय फुकट येतो का?

माजघर | ८ डिसेंबर, दुपारी २:११

कुकरला माझा विरोध नाही, शिट्ट्यांना आहे. शिट्टी झाली की आतला दाब एकदम उतरतो आणि पाणी आत धबाबा उकळतं. प्रत्येक शिट्टीला एक घुसळण. पाच शिट्ट्या म्हणजे ताक.

पहिली शिट्टी येण्याच्या बेतात असतानाच गॅस अगदी बारीक करा. पुढे शिट्टी होऊ द्यायची नाही. ब्रॉयलरला पंचवीस मिनिटं, गावरानला चाळीस-पंचेचाळीस. मग गॅस बंद, वाफ आपोआप जिरू द्या, शिट्टी उचलून सोडू नका. आणि त्याआधी उघड्या कुकरात उकळी आणून फेस काढून घ्या, ते काम कुकर करत नाही. असं केलं तर कुकरचं सूपही नितळ येतं.

ऑफिस_ते_घर | ८ डिसेंबर, दुपारी २:३०

बिनशिट्टीचा कुकर हे पहिल्यांदाच ऐकलं. आज करून बघतो.

प्रयोगवही | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:४५

चांगला धागा. सूपाने सर्दीला खरंच काही होतं का, यावर थोडं.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये वैद्यकी करणाऱ्या मायमोनिडीज या ज्यू वैद्याने कोंबडीच्या सूपाची भलामण केली होती. ज्यू घरांत ही परंपरा इतकी पक्की की सूपाला गमतीने 'ज्यूंचं पेनिसिलिन' म्हणतात. १९७८ मध्ये 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला. पंधरा निरोगी माणसांना गार पाणी, गरम पाणी आणि चिकन सूप देऊन नाकातला शेंबूड किती वेगाने पुढे सरकतो ते मोजलं. गरम पाण्याने वेग वाढला, सूपाने वाढला, गार पाण्याने उलट मंदावला. वाढलेला वेग मात्र अर्ध्या तासात पूर्ववत झाला.

पुढे २००० साली त्याच नियतकालिकात अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाचे डॉ. स्टीफन रेनार्ड यांचा प्रयोग आला. बायकोच्या लिथुआनियन आजीच्या पद्धतीचं सूप त्यांनी प्रयोगशाळेत नेलं. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दाहाच्या जागी धावतात, सर्दीतली घशाची सूज वगैरे बरीचशी त्यातूनच. सूपाच्या सान्निध्यात त्यांची धाव मंदावली. हे सगळं काचेच्या भांड्यात झालं, माणसांच्या अंगात नव्हे, हे लक्षात ठेवायचं. म्हणजे औषध बंद करून सूप पाजू नका. पण गरम, खारट, पातळ आणि प्रथिनं असलेलं काही पोटात जाणं, तेही ज्याची भूक मेलीय त्याच्या, हा फायदा कुठल्याही प्रयोगाविना दिसतोच.

पंचगंगा | ८ डिसेंबर, सायंकाळी ७:०५

म्हणजे आमच्या आजीचं अळणी नेब्रास्काला न्यायला पाहिजे होतं. पेशी जागेवरच बसल्या असत्या.

शिकागोची_सून | ९ डिसेंबर, सकाळी ६:५०

इथे उणे अठरा आहे, त्यामुळे नाशिकच्या थंडीबद्दल वाचून मन भरून आलं :)

अमेरिकेतल्या सूपात गाजर, कांदा आणि सेलरी हे त्रिकूट असतं. सासरे आले होते तेव्हा सेलरीचा वास घेऊन म्हणाले, "ओव्याचं झाड का घातलंस?" गंमत म्हणजे ओवा आणि सेलरी खरोखर एकाच कुळातले, कोथिंबीर आणि गाजरही त्यातलीच. तेव्हापासून भारतात गेले की मी कोथिंबिरीचे देठ आणि चिमूटभर ओवा घालते, ती चव बरीच जवळ जाते. गवती चहाचं एक पातं घालून बघा, फक्त पाच मिनिटं आणि काढून टाका.

दुसरं, चिकन नळाखाली धुऊ नका. इथले आरोग्यवाले सतत सांगतात.

संत्रानगरी | ९ डिसेंबर, सकाळी ९:१२

न धुता?? हे काही होणे नाही. आमच्या चिकन मार्केटची अवस्था पाहिली नाहीत तुम्ही.

शिकागोची_सून | ९ डिसेंबर, सकाळी ९:४०

पाहिलीय हो, मीही धंतोलीचीच आहे. धुण्याने जंतू मरत नाहीत, शिजवण्याने मरतात. नळाखाली धरलं की शिंतोडे उडतात आणि साल्मोनेलासारखे जंतू सिंकभर, शेजारच्या कोशिंबिरीच्या काकडीपर्यंत पोचतात.

माजघर | ९ डिसेंबर, सकाळी १०:०५

मधला मार्ग. पातेल्यात पाणी घेऊन त्यात अलगद बुडवून काढा, पाणी हळूच ओता, नंतर सिंक आणि हात साबणाने. भारतातल्या ताज्या कोंबडीला रक्त, पिसं, हाडाचा चुरा लागलेला असतो, तो तर काढावाच लागतो. यावर आणखी शंभर प्रतिसाद नकोत, धागा भरकटेल.

तिसवाडी | ९ डिसेंबर, रात्री ८:३०

गोव्यातून थोडं अवांतर, पण उपयोगी. दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर कशाला, तांदूळ आहे की! पोर्तुगीजांच्या कोंबडी-तांदळाच्या सूपाचं नाव 'कांजा'. ओळखीचं वाटतंय ना? शब्द मल्याळममधल्या कांजीवरून तिकडे गेला. आपली पेज परदेशी जाऊन कोंबडी खाऊन परत आली. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या पुस्तकात मोडशीच्या रोग्याला मिरी-जिरं घातलेली तांदळाची कांजी देतात असं नोंदवलंय. 'मोडशी' हा शब्दही त्याने तसाच उचललाय.

आमच्या शेजारच्या मावशी गाळलेल्या सूपात मूठभर उकडे तांदूळ घालून अगदी मऊ होईपर्यंत शिजवतात, वर कोंबडीचे तंतू आणि लिंबू. नानांच्या कवळीला काहीच त्रास नाही.

गोदाकाठ | १० डिसेंबर, सकाळी ७:४८

मंडळी, तातडीची मदत हवी!!

काल रात्री माजघर ताईंच्या पद्धतीने केलं. गावरान म्हणून घेतली, पाठ, मान, तंगडी, सहा पंजे. तीन तास मंद आच. फेस काढताना हात दुखला. सूप छान नितळ सोनेरी झालं, पण तोवर अकरा वाजले आणि नाना झोपले. गाळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवलं. आत्ता बघतो तर सगळं घट्ट! भांडं हलवलं की थुलथुल हलतंय. वर पिवळा थर जमलाय. वास ठीक आहे. खराब झालं का? टाकून देऊ?

माजघर | १० डिसेंबर, सकाळी ७:५५

टाकू नका!!! अहो, पहिल्याच फेरीत शंभर मार्क आहेत हे.

प्रयोगवही | १० डिसेंबर, सकाळी ८:१०

टाकलंत तर या धाग्यावर पुन्हा येऊ नका :)

हाडं, सांधे, कातडी आणि पंजे यांत कोलेजन असतं. मंद आचेवर तासन्‌तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं. गरम असताना ते पाण्यात विरघळलेलं असतं, गार झालं की जेलीसारखं बसतं. तापवा, मिनिटात पुन्हा पातळ. सूप पिताना ओठ किंचित चिकटतात, जिभेवर वजन जाणवतं, ते यामुळेच. हाच तो दाटपणा, जो तुम्ही कॉर्नफ्लोअरमधून आणू बघत होता.

वरचा पिवळा थर म्हणजे चरबी, चमच्याने अख्खी उचलून निघेल. थोडी राहू द्या, चव तिच्यात असते.

ऑफिस_ते_घर | १० डिसेंबर, सकाळी ८:३५

माझंही रिपोर्टिंग. बिनशिट्टीचा कुकर यशस्वी. सूप नितळ. पण जेली वगैरे काही झाली नाही, पंजे नव्हते म्हणून का?

माजघर | १० डिसेंबर, सकाळी ९:००

पंजे नाहीत, आणि पाणी जास्त झालं असणार. कुकरात पाणी आटत नाही, म्हणून ऐवज बुडेल इतकंच घ्यायचं. तरी प्या, सूप ते सूपच.

संत्रानगरी | १० डिसेंबर, सकाळी ११:२०

आता थंडी आहे तर फ्रिजमध्ये कशाला ठेवायचं? आमच्याकडे रात्री ओट्यावरच राहतं, सकाळी उकळतो.

प्रयोगवही | १० डिसेंबर, सकाळी ११:४५

नको. बाहेर दहा अंश असले तरी स्वयंपाकघरात वीस असतात, आणि पाच ते साठ अंश ही जंतूंच्या चंगळीची पट्टी. सूप म्हणजे त्यांच्यासाठी तयार ताट. सकाळच्या उकळीने बहुतेक जंतू मरतात, त्यांनी रात्रभर सोडलेली सगळी विषं मरत नाहीत. मोठं पातेलं असेल तर पसरट भांड्यांत वाटून लवकर गार करायचं आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तिथे तीन दिवस. जास्त टिकवायचं तर छोट्या डब्यांतून फ्रीझरला.

आणि ज्यांना युरिक ॲसिडचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी रोज वाटीभर सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

शिकाऊ_सुगरण | १० डिसेंबर, दुपारी १२:१५

गावरानच पाहिजे का? आमच्याकडे गावरान म्हणून जे मिळतं ते खरंच गावरान असतं का, देव जाणे.

पंचगंगा | १० डिसेंबर, दुपारी १२:५०

बऱ्याचदा नसतं. गिरिराज, वनराज या सुधारित जाती आहेत, रंगीत पिसांच्या, त्या गावठी म्हणून खपतात. वाईट नाहीत, ब्रॉयलरपेक्षा चव बरी. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोची होते, तिच्या हाडाला मुरायला वेळच मिळालेला नसतो. सूपासाठी माझ्या मते सगळ्यात बेस्ट म्हणजे अंडी देऊन म्हातारी झालेली लेअर कोंबडी. खायला चिवट, पण तीन तास शिजवली की जे पाणी उतरतं, नाद खुळा! दर पण कमी. कोंबडीवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

कडकनाथच्या नावाने कुणी लुटत असेल तर लुटू देऊ नका. रंग काळा, किंमत दांडगी, सूपाला इतकी गरज नाही.

गोदाकाठ | ११ डिसेंबर, रात्री ९:२५

काल गुरुवार नव्हता हे आधी तपासून घेतलं :) मग संध्याकाळी ती जेली तापवली. चरबी काढली, चमचाभर ठेवली. तिसवाडी यांचं ऐकून मऊ भात करणार होतो, पण घरात उकडे तांदूळ नव्हते. डब्यात ज्वारीच्या कण्या होत्या. त्या दोन मुठी धुऊन सूपात शिजवल्या, अर्धा तास लागला. मग कोंबडीचे तंतू, मीठ बेतानं, मिरपूड, लिंबू.

नाना वाटी घेऊन देवघराच्या खोलीत जाऊ लागले, बायकोने अडवलं. मग ओसरीत बसून प्यायले. काही बोलले नाहीत. दुसरी वाटी मागितली. ती अर्धी झाल्यावर म्हणाले, "येवल्याला तुझी आजी मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर करायची. घरात आणू द्यायचे नाहीत. आम्ही भावंडं अंगणातच पाटावर बसायचो, पाठीला थंडी आणि तोंडाला जाळ." आणि मग विचारलं, "पंजे कुठे गेले?"

मी म्हटलं, गाळून टाकले.

यावर जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. पंजे चोखायचे असतात म्हणे, कवळी असली तरी.

माजघर | ११ डिसेंबर, रात्री ९:४०

चूक माझी, लिहायचं राहिलं. आणि कण्यांची कल्पना चोरतेय.

शिकागोची_सून | ११ डिसेंबर, रात्री ९:५८

इथे ज्वारीच्या कण्या कुठून आणू? दलिया चालेल का?

गोदाकाठ | ११ डिसेंबर, रात्री १०:१०

चालेल असं वाटतं, पण आधी कोरडा भाजून घ्या, नाहीतर पुन्हा खळ.

आईला फोटो पाठवला. तिने फोन करून पहिलं काय विचारलं असेल? "माझं दुधाचं पातेलं वापरलंस का?" हो, तेच वापरलं होतं. ते आता 'वेगळं भांडं' झालंय. उद्या भांडी बाजारात जाऊन दुधासाठी नवीन घ्यायचंय, आणि रविवारी कोंबडीवाल्याकडे. नाना म्हणतात पंजे आठ आण.